वकीलसाहेब, आता तांदूळ घ्या

आदरणीय वकीलसाहेब,

गेल्या महिन्यात उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात आमच्या संपादित जमिनीचा वाढीव मोबदला कायम झाला. फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं खरं, पण मन भरलं नाही. म्हणून हे चारचौघांत.

२०१२ मध्ये भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस आली ती अख्खी कन्नडमध्ये. बाबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी ती देव्हाऱ्यामागे ठेवून दिली, जणू देवच वाचणार होता! तुमच्याकडे पोचलो तेव्हा मोबदला वाढवून मागायच्या अर्जाच्या नव्वद दिवसांतले सत्तर उलटले होते. तुम्ही आधी पाकिटावरची तारीख पाहिलीत, मग ओळ न् ओळ मराठीत सांगितलीत, आणि त्याच आठवड्यात भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली अर्ज गेला. आमच्या भातशेतीला साधा जिरायत दर लावला होता. विहीर मोजलीच नव्हती. शेजारच्या शिवारातली खरेदीखतं काढायला तुम्ही मला सब-रजिस्ट्रारकडे पिटाळलंत. सात हेलपाटे झाले. तेव्हा तुमचा राग आला होता, आता सांगते.

२०१३ मध्ये सरकार बदललं आणि तुम्ही सरकारी वकील झालात. खानापुरात जो तो म्हणे, “आता काय, तुमचाच माणूस तिकडं!” बाबांनाही तसंच वाटलं. घरच्या बासमतीचं पोतं घेऊन ते तुमच्या दारात आले. तुम्ही ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. “मी आता समोरच्या बाजूला आहे. तुमची फाइल तिकडूनही उघडणार नाही,” एवढंच म्हणालात. परतीच्या एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

पण नव्या वकिलांनी फाइल उघडली तर पहिल्याच पानावर तुमचं अक्षर: साक्षीला कुणाला बोलवायचं, कुठलं खरेदीखत कितव्या पानावर, विहिरीचा पुरावा कुठे. सोबत उरलेली फीसुद्धा. आधी आमचं वकीलपत्र घेतलं होतं, हे तुम्ही सरकारला लेखी कळवलंत आणि आमचं प्रकरण दुसऱ्या सरकारी वकिलांकडे गेलं, हे तर फार उशिरा कळलं.

२०१८ नंतर तुमची पाटी पुन्हा जुन्या खोलीवर लागली. खुर्ची गेल्याचं वाईट वाटतं का, असं बाबांनी भाबडेपणाने विचारलं. तुम्ही हसून, आपल्या बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेल्या के. के. वेणुगोपालांचं सांगितलंत: अतिरिक्त सॉलिसिटर जनरल, मग कित्येक वर्षं खासगी वकिली, आणि २०१७ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील. मग आमचं अपील हातात घेतलंत. तिकडून फाइल उघडली नव्हतीत, म्हणूनच इकडून पुन्हा उघडता आली. वाढीव रकमेवर ३० टक्के दिलासा (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम), पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याज, हा हिशेब तुम्ही बाबांना बोटांवर मोजून दाखवलात. ते अजून येईल त्याला ऐकवतात.

यंदाचा तांदूळ आईने पाखडून ठेवलाय. रविवारी घेऊन येतोय. आता तुम्ही सरकारी नाही, तेव्हा दारातून परत पाठवू नका.

तुमची,
खानापूर तालुक्यातली एक पक्षकार