अण्णा, तुम्ही कान पुढे केलात

अण्णा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तमिळनाडूत आत्तूरजवळच्या त्या साबुदाण्याच्या कारखान्यात, वाळवणाच्या खळ्यावर सगळे तुम्हाला अण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. आमच्या कोकणातही थोरल्या माणसाला अण्णाच म्हणतात. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, पण सेलमहून पुण्याला साबुदाणा आणणारे ड्रायव्हरदादा समजावून सांगतील. त्या दिवशीही मोडक्या हिंदीतून तेच आपल्या मध्ये उभे होते.

मी पिशवीतून आमचं कसाव्याचं, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्याच कंदाचं, पीठ आणलं होतं. करडं, आंबूस वासाचं. आमच्या बचत गटाच्या अकरा बायकांचं वर्षभराचं काम. रानडुकरांपासून वाचवलेलं, रात्री राखण करून. लावणीच्या वेळी ज्यांनी ‘कंद आम्हीच हमीभावाने परत घेऊ’ म्हणून कांड्या विकल्या, त्यांचा फोन काढणीच्या वेळी लागेना. मग यंत्रवाला आला. गिरणी गळ्यात मारून गेला, आणि ती कंदाच्या ओलसर चकत्यांनी तुंबली तेव्हा म्हणाला, तुमचा मालच खराब. फी भरून ज्या प्रशिक्षणाला गेलो, तिथे पीठ का आंबतं असं विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘उन्हात नीट वाळवा.’ नीट म्हणजे किती, हे कोणी सांगितलं नाही. जो तो हात झटकून मोकळा झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पिशवी उघडलीत आणि नाक मुरडलं नाहीत. पीठ कागदावर पसरलंत, आणि पहिला प्रश्न विचारलात, कंद कडू की गोड? अण्णा, तोवर हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. कडव्या कंदात सायनाइड जास्त, त्याच्या नुसत्या चकत्या वाळवून भागत नाही, हे मला तुमच्या खळ्यावर पहिल्यांदा कळलं. खायचं पीठ विकायला निघालेल्या बाईला हे माहीत नव्हतं! आमचा कंद गोडच निघाला, हे नशीब. मग काढल्यावर किती दिवस ठेवला होतात, असं विचारलंत. तीन दिवस, म्हटलं. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि शिळा कंद कापून आतल्या निळ्या-काळ्या रेघा दाखवल्यात.

पण मी हे पत्र लिहिते आहे ते पुढच्या एका क्षणासाठी. खळ्यावरची एक चकती उचलून तुम्ही माझ्या कानाशी मोडलीत. कट्ट! मग दुसरी, अजून ओलसर असलेली, मोडलीत, तिचा आवाज आलाच नाही, नुसती वाकली. मग एक माझ्या हातात दिलीत आणि स्वतः खाली वाकून माझ्या हाताला कान लावलात. सगळी हयात या कंदात गेलेला माणूस, आणि माझी चकती कशी मोडते ते ऐकायला वाकला. मी मोडली. तुम्ही हसलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीने आलं असं ड्रायव्हरदादांना वाटलं.

आमच्याकडे आषाढीला, श्रावणात घरोघर साबुदाणा भिजतो. तो तुमच्या मुलखातल्या कंदाचा असतो, हे कितीजणींना ठाऊक असतं? २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी मी वाचली होती. तुमच्यासारखी माणसं त्या बातमीत नव्हती. आपल्या धंद्याची खूण परक्याला फुकट सांगणारा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता. जगात अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

यंदा मार्चमध्ये सकाळी काढलेला कंद दुपारच्या आत सोलून, पातळ चकत्या करून उन्हात घातला. चार किलो कंदाला जेमतेम किलोभर पीठ पडतं, पण ते पांढरंशुभ्र आहे, वास नाही. कुडाळच्या दोन दुकानांनी उपवासाच्या भाजणीसाठी घेतलं. गटातली सगळ्यांत धाकटी सून आता दळायच्या आधी प्रत्येकीच्या कानाशी चकती मोडते.

ड्रायव्हरदादांच्या हाती दोन किलो पीठ पाठवते आहे. वर पाच-सहा चकत्या न दळता ठेवल्यात. मोडून ऐका.

तुमची धाकटी बहीण