ट्रॅक मागे पडतो तेव्हा गायकाला बोल लावण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. माइकची जागा, खोलीतला घुमारा यांवर त्यात नेमकं लिहिलं आहे. पण लेटन्सीचा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आवाजाला होणाऱ्या उशिराचा, विषय ‘बफर कमी करा’ एवढ्यावर आटोपला, ते खटकलं. मी गाणं शिकवते, आणि विद्यार्थ्यांनी घरून पाठवलेले ट्रॅक जोडून समूहगीतं तयार करते. तिथे रोज गाठ पडते ती वेगळ्याच दुखण्याशी.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून ऐकू येणं, ही एक तक्रार. तिच्यावर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, लहान करणं हा इलाज खरा. ४८००० हर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८००० नमुने (सॅम्पल) घेताना, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तेही एका दिशेचे. २५६ ठेवला की ५ च्या आसपास. फारच खाली नेला तर कॉम्प्युटरला झेपत नाही आणि आवाजात कटकट येते. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर (इंटरफेसवर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कॉम्प्युटरला वळसा न घालता आपला आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय, असेल तर सरळ तेच वापरावं. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला नकोच.

दुसरी तक्रार अशी की गाताना सगळं जुळतं, आणि परत ऐकलं की आवाज ठेक्याच्या मागे. सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला उशिराचा ट्रॅक तेवढा अलीकडे, आधीच्या वेळेला सरकवून जागेवर बसवतं खरं, पण किती सरकवायचा हे त्याला ड्रायव्हर (इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) सांगतो. ड्रायव्हरनेच आकडा चुकीचा दिला तर प्रत्येक टेक तेवढाच चुकतो. माझी एक विद्यार्थिनी वर्गात समेवर अचूक येते. तिचे घरचे ट्रॅक मात्र उशिराचे. सोबतचे तिला ‘लय कच्ची आहे’ म्हणू लागले. मी वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारी आवाजाची आकृती) मोठा करून पाहिला, तर पहिल्या ओळीत जेवढं अंतर, तेवढंच शेवटच्या ओळीत. लय कच्ची असती तर ते कमीजास्त झालं असतं. इतका सारखा उशीर माणसाच्या हातून होत नाही!

यावर उपाय मोजण्याचा आहे. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच लाइन इनपुटला लावायची. एका ट्रॅकवर क्लिक (ठेक्याची टकटक) ठेवून दुसऱ्यावर ती रेकॉर्ड करायची. त्या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (येणारा आवाज लगेच ऐकवणं) आधी बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरत वाढत जाईल. मग दोन्ही क्लिकच्या सुरुवाती एकेक सॅम्पल दिसेपर्यंत मोठ्या करून अंतर मोजायचं. समजा, ते ५१२ सॅम्पल निघालं, तर ४८००० हर्ट्झला साधारण १०.७ मिलिसेकंद. हा आकडा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भरायचा: रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये, एबलटन लाइव्हमध्ये ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशनमध्ये. ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन मुळातच −१३० मिलिसेकंद असतं. तो सर्वांसाठी धरलेला ढोबळ आकडा आहे, मोजण्याआधी तो शून्य करून मग आपला घालावा. नंतर पुन्हा क्लिक रेकॉर्ड करून पाहावी. अंतर दुप्पट झालं तर अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं आहे. प्रत्येक ट्रॅक डोळ्यांनी अंदाज घेत ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तसं ओढताना गायकाने मुद्दाम मागे ठेवलेली जागाही आपण पुसून टाकतो.

सुरुवातीला जुळलेला ट्रॅक हळूहळू सुटत गेला, तर मात्र सेटिंगमधला हा आकडा (ऑफसेट) बदलून उपयोग नाही. तिथे दोन उपकरणांची घड्याळं वेगवेगळी चालत असतात, किंवा सॅम्पल रेटचा घोळ असतो.

पुरवणीच्या पुढच्या अंकात ही केबलची चाचणी चित्रासह छापावी, अशी कळकळीची विनंती. बफर, सॅम्पल रेट किंवा ड्रायव्हर बदलला की ती पुन्हा करावी लागते, हेही सोबत जरूर द्यावं.

आपली,
एक संगीतशिक्षिका