मोजा साहेब, पण कुठून मोजता ते आधी सांगा

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

नमस्कार साहेब.

मी हिंगणघाट तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. उत्तरेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागूनच आमची टेकडी सुरू होते. वर मारोती, अंगावर सीताफळ आणि पळस, पोटात मुरूम. पत्र त्या टेकडीबद्दल आणि तिची उंची कुठून मोजायची, याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी नापिकी झाली तेव्हा मी एका सर्व्हे पार्टीत रोजीने गेलो होतो. खडकावर पांढऱ्या रंगाची फुली काढायची, तिच्यावर तिपाई रोवायची आणि जीपीएसचं यंत्र ठेवून दोन-दोन तास राखत बसायचं. ढोरं तिपाईला घासू द्यायची नाहीत, एवढंच काम. वरून विमान जायचं, लेझर सोडत. डोळ्याला काहीच दिसायचं नाही, त्यामुळे गावातल्यांना वाटायचं की मी फुकटची रोजी खातो.

पार्टीतला इंजिनिअर पोरगा भला होता. त्याने समजावलं की किरण खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. सेकंदाला लाखो किरण. काही पळसाच्या शेंड्यावर आपटून लवकर परततात, काही फांद्यांतून निसटून मातीपर्यंत जातात. मातीवरून परतलेले तेवढे वेचले की झाडोरा बाजूला होतो आणि उघडी जमीन उरते. म्हणून सांगतो, आमच्याकडे हे काम एप्रिल-मेमध्येच करा. तेव्हा पानगळ झालेली असते, वावरं रिकामी असतात. श्रावणात विमान उडवलं तर रायमुनियाच्या झुडपांची उंची मोजून आणाल.

एका रविवारी त्या पोराने यंत्र आमच्या टेकडीवर चढवलं. माथ्याची उंची निघाली. मग त्याने विचारलं, "पायथा कुठला धरू?" माझ्या धुऱ्यापासून मोजली तर टेकडी ४६ मीटर. पश्चिमेच्या नाल्यातून मोजली तर ७१. उत्तरेला बरड पठार आहे, तिकडून फक्त १९. शेळ्या घेऊन बसलेले काकाजी हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "टेकडी तं एकच हाये, मंग उंच्या तीन कायच्या?"

या प्रश्नाचं उत्तर लेझरकडे नाही, साहेब. ते उत्तर तुम्ही लोक मुंबईत बसून ठरवाल, आणि धाकधूक त्याचीच आहे.

अरवलीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून उंच असेल तीच अरवली टेकडी, ही व्याख्या नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. त्याहून बुटक्या टेकड्या खाणींना मोकळ्या होतील या भीतीने लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबर संपता संपता न्यायालयाने आपलाच आदेश थांबवून ठेवला. तीच फूटपट्टी उद्या वर्धा जिल्ह्यात आणली तर आमच्या भागात टेकड्या किती उरतील? आमची तर नाल्यातून मोजूनही बसत नाही.

इंग्लंडमध्ये २००० फूट, म्हणजे ६०९.६ मीटर भरले की टेकडीला पर्वत म्हणतात. कंब्रियातली काफ टॉप नावाची टेकडी २०१६ साली ६०९.६०६ मीटर निघाली आणि सहा मिलिमीटरनं पर्वतात जमा झाली. तिथले सरकारी लेझरचे आकडे कोणालाही फुकट मिळतात, हौशी मंडळी त्यावरून टेकड्यांच्या याद्या दुरुस्त करत बसतात. त्यांचा खेळ होतो. आमच्याकडे यादी बदलली की टिप्पर येतात. त्यांची एक रीत मात्र घेण्यासारखी आहे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसोबत, शेजारच्या उंच डोंगराला जोडणाऱ्या खिंडीपासून माथा किती वर उठतो, हेही ते लिहितात. मोजलं कुठून, ते निदान कागदावर राहतं.

कागदावरच्या एका शब्दाने काय होतं, हे आम्हा नागपूर विभागवाल्यांना शिकवायला नको. 'झुडपी जंगल' या नोंदीपायी आमच्या सहा जिल्ह्यांतली ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमीन किती वर्षं लोंबकळली. ती वनजमीनच, असं २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आमची अर्धी टेकडी सातबाऱ्यावर झुडपी जंगल आहे, उरलेली दोन गटांत पोटखराब, म्हणजे पेरणीच्या कामाची नाही अशी. खदान कोणत्या बाजूला लागली, हे सांगायची गरज नाही. मारोती नेमका दोन्हींच्या मधे आला आहे.

२०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाश धोरणात २०३० पर्यंत देशभराच्या जमिनीच्या उंचीचा अचूक नमुना करायचं ठरलं आहे. अचूकता मैदानी भागात २५ सेंटीमीटरपर्यंत, डोंगराळ भागात १ ते ३ मीटरपर्यंत. आमची टेकडी कशात धरणार? डोंगराळ म्हणाल तर एक मीटर इकडेतिकडे चालून जाईल, पण एक मीटर म्हणजे किती ते हिशेबाने पाहा. एका हेक्टरावरून मीटरभर थर उचलला तर १०,००० घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). चार ब्रासचा टिप्पर धरला तर पावणेनऊशेच्या वर खेपा. एवढ्या खेपा तुमच्या नकाशाच्या चुकीत मावतात! जुन्या नकाशावर उंचीच्या रेघा २० मीटरांच्या अंतराने आहेत, तिथे तर विचारूच नका.

आणि हे हिंगणघाटात व्हावं, याचं मला वेगळंच वाईट वाटतं. १८०२ साली मद्रासला देशाची मोठी मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर इथेच वारला. कबर इथेच आहे. त्याच्या माणसांना दुर्बिणीतून लांबचं दिसायला टेकडी लागायची, म्हणून ते टेकड्यांवर चढायचे. विमानाला टेकडीची गरज नाही.

तर मागणी एवढीच. उंचीचा एकच आकडा धरून कोणती टेकडी टेकडी आणि कोणती नाही, हे ठरवू नका. माथा, सगळ्या बाजूंचे पायथे, उतार आणि तिथून निघणारे नाले, असा टेकडीचा पूर्ण आकार लेझरने नोंदवून घ्या आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. पायथा कुठला, ते तिथे ठरू द्या. काकाजी सांगतील. हे सगळं नवीन खदानीला परवाना देण्याआधी करा आणि दरवर्षी पुन्हा मोजा, म्हणजे रॉयल्टीच्या पावत्या आणि टेकडीचा खड्डा एकमेकांशी जुळतात का, ते घरबसल्या कळेल. आकडे सगळ्यांना पाहता येतील असे ठेवा.

त्या रविवारी माथ्यावर काढलेली फुली अजून पुसट दिसते. तिच्यापासून खदानीची कड मी पावलांनी मोजतो, माझ्याकडे दुसरं यंत्र नाही. दिवाळीला ३१ पावलं होती, होळीला २२.

पार्टी पाठवाल तर माझ्या धुऱ्याकडून पाठवा, खदानीच्या बाजूने आता वर चढता येत नाही. तिपाई राखायला मी येतो. रोजी नको.

आपला,
हिंगणघाट तालुक्यातला एक शेतकरी