दूरवरचा कॅमेरा निवडताना चित्राआधी वीज आणि संपर्क पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

निर्मनुष्य जागेवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी उघड्यावर बसवायच्या दणकट कॅमेऱ्यांची मागणी वाढते आहे. पुलाखालची पाणीपातळी, धरणाचा सांडवा, जंगलातली पायवाट, माळावरचे वीज उपकेंद्र अशा ठिकाणी रोज माणूस पाठवणे शक्य नसते आणि ते काम कॅमेरा करील, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु खरेदीची चर्चा मेगापिक्सेलपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते, हे अशा यंत्रणांची देखभाल करणाऱ्या माझ्यासारख्याला खटकते. जिथे सहजासहजी जाता येत नाही, तिथल्या कॅमेऱ्याची पारख तो किती सुरेख चित्र देतो यावरून नव्हे, तर वीज किंवा संपर्क तुटल्यावर तो काय करतो आणि पुन्हा स्वतःहून उभा राहतो की नाही, यावरून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांनी हिमनद्यांचे आकुंचन टिपण्यासाठी २००७ मध्ये ग्रीनलंड, आइसलँड, अलास्का अशा ठिकाणी कॅमेरे बसवण्यास सुरुवात केली, तेव्हाही आरंभी दगा दिला तो कॅमेऱ्यांनी नव्हे, तर त्यांना ठरावीक वेळी चालू करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने.

अर्थात चित्राचा विचार करायचाच नाही, असे नव्हे. तो मोजून करावा. कॅमेऱ्यांच्या वापरासाठी असलेल्या ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे किती पिक्सेल हवेत, याचे टप्पे दिले होते. कोणीतरी आले आहे एवढे कळण्यासाठी २५, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५०. आडवे १९२० पिक्सेल देणारा कॅमेरा घेतला, तर पहिल्या कामासाठी तो सुमारे ७७ मीटर रुंदीचा पट्टा पाहू शकतो. ओळख पटवायची असेल, तर हीच रुंदी साडेसात मीटरच्या आसपास येते. पाणी मोजायच्या पट्टीवरची सेंटिमीटरची रेघ वाचायची असेल, तर तिच्या वाट्याला निदान दोन-तीन पिक्सेल आले पाहिजेत, म्हणजे हिशेब पुन्हा मीटरला २५० वर जातो. संपूर्ण नदीपात्रही दिसावे आणि पट्टीवरचा आकडाही वाचता यावा, ही मागणी एका भिंगाकडून पुरी होत नाही. तेथे दोन कॅमेरे लावावेत किंवा दोनपैकी एका गोष्टीचा मोह सोडावा.

यापुढचा प्रश्न चित्र सलग हवे की अधूनमधून, हा आहे आणि पुढचा जवळजवळ सगळा खर्च त्यावर ठरतो. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने चोवीस तास चित्रफीत पाठवली, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात. उलट दर दहा मिनिटांनी अर्ध्या मेगाबाइटचे एक स्थिरचित्र पाठवले, तर दिवसाला ७२ मेगाबाइट पुरतात आणि महिन्याचा हिशेब दोन-सव्वादोन गिगाबाइटमध्ये आटोपतो. झाडांना पालवी कधी फुटते आणि पाने कधी गळतात, याची नोंद ठेवणाऱ्या फिनोकॅम या वैज्ञानिक जाळ्यातले कॅमेरे साधारणपणे दर अर्ध्या तासाला एक चित्र पाठवतात आणि त्यावर गंभीर संशोधन उभे राहते. पाणीपातळी, बर्फ, पीक, बांधकामाची प्रगती या सगळ्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी सलग चित्रफितीचा आग्रह म्हणजे बहुधा हौसच असते. घुसखोरी किंवा वणवा यांची गोष्ट वेगळी. तिथे मिनिटाला किंमत असते.

विजेचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. कॅमेरा ६ वॅट आणि मोबाइल जाळ्याशी जोडणारा राउटर ४ वॅट धरला, तर दिवसाला २४० वॅट-तास लागतात. तीन दिवस सूर्यदर्शन झाले नाही, तरी यंत्रणा चालावी असे ठरवले, तर ७२० वॅट-तास साठवावे लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत ६० अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होऊ देऊ नये, हा नियम पाळला, तर क्षमता १२० अँपिअर-तासांची घ्यावी लागते. दिवसभरातले ऊन चार तासांच्या पूर्ण उन्हाएवढे धरले, तर सौर पॅनेल नुसत्या गणिताने ६० वॅटचे पुरेल. परंतु धूळ, उष्णतेमुळे होणारी घट आणि रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरण्याची गरज लक्षात घेता १०० ते १२० वॅटखाली उतरू नये. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी आणि टिकाऊ असते, मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करू नये. थंड प्रदेशात यासाठी संरक्षक सर्किट आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. राउटर आणि कॅमेरा दर दहा मिनिटांतून दोनच मिनिटे चालू ठेवले, तर २४० चा आकडा ४८ च्या जवळ येतो आणि पॅनेल, बॅटरी, खांब असा सगळाच पसारा लहान होतो.

यातली एक बारीक गोष्ट निविदेत कधीच दिसत नाही. बॅटरी उतरली की चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि कॅमेरा यांच्यामधला नियंत्रक, कॅमेऱ्याचा पुरवठा तोडतो. पहाटे पॅनेलवर थोडा उजेड पडतो, व्होल्टेज जरासे चढते आणि पुरवठा पुन्हा जोडला जातो. कॅमेरा सुरू होतो. बाहेर अजून अंधुकच असल्यामुळे त्याचे अंधारात पाहण्यासाठीचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवेही लागतात. भार पडताच व्होल्टेज कोसळते आणि पुरवठा पुन्हा तुटतो. ऊन नीट चढेपर्यंत हाच खेळ चालतो. मेमरी कार्डवर लिहिणे चालू असताना वारंवार वीज गेल्यामुळे कार्डावरची फाइलींची रचना बिघडते आणि दुपारी बॅटरी भरलेली असूनही कॅमेरा मुका राहतो. उपाय साधा आहे. पुरवठा तोडण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे व्होल्टेज यांत चांगले अंतर ठेवावे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत ११.५ ला तोडला, तर १२.५ च्या वर गेल्याशिवाय जोडू नये. सारखे लिहिणे सोसणारे, जास्त टिकाऊ म्हणून विकले जाणारे कार्डच वापरावे, हेही ओघाने आले.

आता पाण्याविषयी. पेटीवर आयपी ६६ किंवा आयपी ६७ अशी धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी छापलेली असली की ग्राहक निर्धास्त होतो. पहिला ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही; दुसरा ६ म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची चाचणी. ६७ मिळवलेली वस्तू ६६ ची चाचणी आपोआप उत्तीर्ण होते, असेही नाही. शिवाय या चाचण्या नव्या कोऱ्या वस्तूवर होतात. प्रत्यक्षात पाणी कॅमेऱ्याच्या अंगातून क्वचितच शिरते. ते शिरते मागे लोंबणाऱ्या वायरीच्या जोडातून. त्या जोडासाठी पेटीत रबरी कडी आणि फिरकीचे टोपण दिलेले असते, परंतु ते वायरीवर आधी ओवून मग टोकाला प्लग बसवायचा असतो. घाईत प्लग आधी बसतो, मग टोपण त्यावरून जात नाही, ते पेटीतच राहते आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळली जाते. चिकटपट्टी पाणी अडवण्यापेक्षा धरूनच अधिक ठेवते. त्याच वायरीतून वीजही जात असेल, तर ओलाव्यामुळे तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि काही महिन्यांनी कॅमेरा कधी दिसतो, कधी दिसत नाही. अशा वेळी दोष नेटवर्कला दिला जातो.

बंद पेटी श्वास घेते, हेही ध्यानात ठेवायला हवे. दुपारी आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि सकाळी काचेच्या आतल्या बाजूने दव दिसते. चांगल्या पेटीला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी छोटी पडदेदार झडप असते. ती रंगाने किंवा सिलिकोनने बुजवू नये. वायरी पेटीत खालच्या बाजूनेच घ्याव्यात आणि आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलावरून खाली टपकते. विजांच्या प्रदेशात लाट-संरक्षक (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारे सर्ज प्रोटेक्टर) आणि खरीखुरी अर्थिंग यांना पर्याय नाही.

रात्रीच्या चित्राबाबत बहुतेक तक्रारी एकाच कारणाने येतात. कॅमेऱ्यातले अवरक्त दिवे भिंगाला लागूनच असतात. किडे त्या दिव्यांभोवती जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगापुढे एक जाळे विणले की तेच पांढरे लख्ख दिसून मागचे सगळे दृश्य काळे पडते. जवळची फांदी, पत्र्याची कड किंवा घुमटाकार कॅमेऱ्याची मळलेली काच हेच करते. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळ्या खांबावर लावणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्याचा पल्ला जास्त, पण त्याची मंद लाल चमक डोळ्यांना दिसते. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला कमी पडतो. वन्यप्राण्यांसाठी म्हणूनच बरेचजण दुसरा निवडतात. उष्णतेतला फरक ओळखून जागा होणारा कॅमेरा असेल, तर परिसराचे तापमान प्राण्याच्या शरीराच्या तापमानाजवळ पोहोचलेल्या दुपारी तो आंधळा होऊ शकतो आणि उन्हात डुलणाऱ्या गवताने उगाच जागा होतो, हे गृहीत धरूनच त्याचे तोंड ठरवावे. उत्तर गोलार्धात शक्यतो उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे तोंड ठेवले, की सूर्य भिंगात फारसा येत नाही.

संपर्काच्या बाबतीत मोबाइल जाळे आणि घरातले इंटरनेट सारखेच वागेल, असे मानून पुष्कळ जण फसतात. मोबाइल कंपन्या सहसा अनेक ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. कॅमेऱ्याने स्वतः आतून बाहेर जोडणी करावी लागते, खासगी व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने) किंवा सर्व्हरवर चित्र पाठवून. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरे. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. माळावरचा एकटा कॅमेरा कोणाच्या नजरेत येणार, हा समज त्या दिवसानंतर तरी टिकायला नको होता.

राउटर अडकून बसणे, ही दुर्मिळ घटना नव्हे, नेहमीचीच आहे. म्हणून ठरावीक वेळ इंटरनेट मिळाले नाही, तर राउटरची वीज तोडून पुन्हा देणारा स्वयंचलित रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बसवावा आणि संपर्क नसताना चित्रे कार्डावर साठून राहून नंतर पाठवली जातील, अशी सोय असावी. याच ठिकाणी घड्याळाचा मुद्दा येतो. वीज जाऊन आल्यावर इंटरनेट न मिळाल्यास काही कॅमेऱ्यांची तारीख थेट १९७० किंवा २००० सालात जाते आणि नंतर पुराव्यासाठी चित्रे चाळताना नेमकी हवी ती रात्र सापडत नाही. आतल्या घड्याळाला स्वतंत्र छोटी बॅटरी आहे का, हे विचारायला काहीच लागत नाही. विचारले मात्र जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मौनाची दखल. पाणी वाढले किंवा माणूस दिसला की सूचना येते, ही व्यवस्था सगळे करतात. कॅमेरा बंद पडला की सूचना येते, ही व्यवस्था फार थोड्या ठिकाणी असते. कॅमेऱ्याने दर तासाला बॅटरीचे व्होल्टेज, आतले तापमान आणि सिग्नलची ताकद पाठवावी आणि ती आली नाही, तर दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरने नेमलेल्या व्यक्तीला कळवावे. व्होल्टेजच्या या आकड्यांतून पॅनेलवर साचलेली धूळ किंवा थकलेली बॅटरी, प्रत्यक्ष बंद पडण्याच्या कितीतरी आधी ओळखता येते. ही नेमलेली व्यक्ती कोण, हे लेखी ठरलेले असावे. तसेच चौकटीत रस्ता किंवा वस्ती येत असेल, तर तो भाग झाकणे, फलक लावणे आणि चित्रे किती दिवस ठेवायची हे ठरवणे, ही कामे कॅमेरा चढवण्याआधीची आहेत.

म्हणून अशा कॅमेऱ्यांवर पैसे खर्च करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, ताबा घेताना दिवसाउजेडी पडद्यावर दिसणाऱ्या सुंदर चित्रावर समाधान मानू नये. कंत्राटदारासमोरच रात्री बॅटरीची तार काढून तासाभराने लावावी, सिम कार्ड काढून दुसऱ्या दिवशी परत घालावे, पॅनेल काळ्या कापडाने तीन दिवस झाकून ठेवावे आणि वायरीच्या जोडावर पाण्याचा पाइप धरावा. या सर्वांतून कॅमेरा कोणाचाही हात न लागता सावरला, संपर्क नसतानाच्या काळातली चित्रे योग्य तारखेसह पोहोचली आणि प्रत्येक खंडाची सूचना नेमलेल्या व्यक्तीच्या फोनवर आली, तरच शेवटच्या बिलावर सही करावी.

आपला,
दूरस्थ यंत्रणांच्या देखभालीचे काम करणारा एक वाचक