नुसते रेकॉर्ड नकोत, सुटे भागही बघा

संपादक महोदय,
जर्मनीची यू-३२ पाणबुडी २०१३ मध्ये सरावासाठी अमेरिकेला जाताना सलग १८ दिवस पाण्याखाली होती, तेही अणुभट्टी नसताना. तिच्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज बनते, उरतं ते नुसतं पाणी, त्यामुळे साध्या डिझेल पाणबुडीसारखं हवेसाठी सारखं वर यावं लागत नाही, हे खरंच भारी आहे. पण २०१७ च्या ऑक्टोबरात नॉर्वेजवळ जर्मनीच्याच यू-३५ पाणबुडीचं सुकाणू खराब झालं आणि त्यांच्या सहापैकी एकही पाणबुडी कामाची उरली नाही, सुट्या भागांचीच बोंब! आपल्या माझगाव डॉकनेही जर्मन डिझाइनची शाल्की पाणबुडी बांधली, १९९२ ला ती नौदलात आली, म्हणून सांगतो, पुढचा कुठलाही करार करताना सुट्या भागांचं आधी लिहून घ्या.
– एक वाचक, भायखळा