नुकसानभरपाईची यादी कोणाची खासगी बाब आहे, मंत्रिमहोदय?

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला हापूसचा बागायतदार. यंदा अवकाळीने मोहोर काळा पडला, धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून गेली. पंचनामा झाला, फोटो काढले, सह्या घेतल्या. भरपाई मात्र आली नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर आंब्याचं एक कलम नाही त्यांना पैसे मिळाले, अशी गावात चर्चा आहे. खरं-खोटं कळावं म्हणून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात यादी मागितली. परवा उत्तर आलं: माहिती वैयक्तिक आहे, कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही.

सरकारी तिजोरीतून वाटलेला पैसा वैयक्तिक कसा?

हे कलम बदललं ते तुमच्या खात्याच्या कायद्याने. २००५ च्या मूळ कायद्यात वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येत नव्हती. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा कुणाच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येत असेल, तरच नकार. त्यातही व्यापक जनहित असेल तर द्यावीच लागे. संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असंही लिहिलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या ४४(३) कलमाने हे सगळं पुसलं. कलम ८(२) मध्ये जनहितासाठी माहिती देण्याची सोय शिल्लक आहे, असं आम्हाला सांगतात. पण ते जनहित आधी ठरवणार कोण? जिथे यादी तयार झाली तेच कार्यालय! पुढे अपील, मग माहिती आयोग. तोवर दुसरा मोहोर येऊन जाईल.

आणि घाई कशाची झाली ते पाहा. या २०२३ च्या कायद्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ ला आले. माहिती अधिकारातला बदल तेव्हाच लागू. आमची माहिती सांभाळण्याची मुख्य बंधनं मात्र १८ महिन्यांनी. दार आमच्या तोंडावर लगेच लावलं आणि कुलूप आमच्या घराला दीड वर्षाने!

त्या दीड वर्षात काय होतं ते आमच्या घरात येऊन बघा. शेतकरी ओळखपत्राशिवाय योजना मिळणार नाही म्हणून आधार, सातबारा, मोबाईल सगळं दिलं. काही दिवसांत आईला फोन आला. समोरच्याला आमचा गट नंबर, बँक, माझं नाव, सगळं ठाऊक. "भरपाई मंजूर झालीय." आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्या दुपारी गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. बँकेने हात वर केले. ही माहिती फुटली कुठून, हे कोणी शोधतसुद्धा नाही. आई आता फोन वाजला की दचकते, काठी धरून चालते आणि माझ्याकडे बघायचं टाळते. तिचा काय गुन्हा?

तुमच्या कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. आईला त्यातला एक रुपया नाही. निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागायची जी वाट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ मध्ये होती, तीही तुम्ही काढून टाकताय. उलट खोटी तक्रार ठरली तर आम्हालाच १०,००० पर्यंत दंड. या तक्रारी ऐकणारं डेटा संरक्षण मंडळ नेमणार केंद्र सरकार, आणि आपल्याच यंत्रणांना सूट द्यायचा अधिकारही केंद्र सरकारला. मग सरकारकडून माहिती फुटली तर दाद कुणाकडे मागायची? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो सरकारपासून सुद्धा. तोच हक्क पुढे करून तुम्ही आम्हाला यादी नाकारता?

महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली माहिती अधिकाराचा कायदा केला. त्यासाठी इथे उपोषणं झाली. आज सगळं ऑनलाइन करा म्हणता. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर पिकाची नोंद, करायला गेलो तर बागेत रेंज नाही, आणि वेळ टळली की नोंद चुकल्याचा दोष शेतकऱ्याचा. प्रत्येक खात्याला आमचं सगळं हवं. आम्ही एक कागद मागितला की कलम दाखवतात.

४४(३) मागे घ्या, जुने शब्द जसेच्या तसे परत आणा. लाभार्थ्याचं नाव, गाव आणि रक्कम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आधार आणि मोबाईल नंबर त्यावर नकोत. माहिती फुटून ज्याचं नुकसान झालं त्यालाच भरपाई मिळेल, असं कलम तुमच्या कायद्यात घाला. मी प्रथम अपील दाखल केलं आहे. तिथेही तुमचंच कलम पुढे येणार, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग