रविवारची अजिंठा-सप्तकुंड सहल : सभासदांसाठी सूचना

सभासदहो, गाडी सकाळी सहाला क्रांती चौकातून निघेल. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे सहल पुढे ढकलता येणार नाही. फर्दापूर टी पॉइंटपासून पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसने जायचंय.

गाइड आधी लेणी दाखवतील, मग सप्तकुंड धबधबा. वाघूर नदी सात टप्प्यांत खाली झेपावते; घोड्याच्या नालेसारखी ही दरी तिच्याच पाण्यानं कोरलीय. हे गाइडकडून तिथं उभं राहून ऐकाच, सेल्फी नंतर! कुंडाकाठचा काळा दगड शेवाळानं बुळबुळीत असतो. पाण्यात कुणीही उतरू नये, ही कळकळीची विनंती. लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात, म्हणून पटकन निघणारे पण पकड असलेले सँडल घाला. चित्रांवर फ्लॅश मारू नका. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.